साडेआठचा हिरवा दिवा

रायपूर, शुक्रवार

प्रिय मंदे,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती ऐकून घेण्याइतकी फुरसत सध्या या राज्यात कुणाला नाही, म्हणून तुझ्याकडे नोंदवतो. आमच्या नवा रायपूरच्या ऑफिसात चहाचं नवं यंत्र आलं आहे. ते चहा देतं. इथवर माझं काही म्हणणं नाही. पण चहा ओतून झाला की कप एका काचेच्या झडपेमागे अडकवून ठेवतं आणि पडद्यावर पाच चेहरे दाखवतं: रडका, रुसलेला, मख्ख, हसरा, आणि एक इतका आनंदी की त्याच्या घरच्यांना कळवावं. यातला एक दाबल्याशिवाय झडप उघडत नाही. मी काल रडका दाबला, कारण चहा खरोखर तसाच होता. तर यंत्राने विचारलं, 'आम्ही कुठे कमी पडलो?' आणि खाली सहा कारणं दिली. ती भरेपर्यंत चहावर साय धरली. आज निमूटपणे आनंदी दाबला. कप लगेच मिळाला. चोपन्न वर्षांच्या माणसाला एका कपासाठी खोटं बोलायला लावणारी ही वस्तू, आणि आमचा अभिनव तिच्या डोक्यावर थाप मारून म्हणतो, "देखा सर? निन्यानवे परसेंट हैप्पी!" अभिनव म्हणजे माझा साहेब. वय अठ्ठावीस. आजोबा अमरावतीचे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देतो, बहुधा मराठीत खोटं बोलायला अजून शिकला नाही म्हणून. ते काम त्याने मला दिलं आहे. त्याबद्दल पुढे.

पत्र लिहायला बसलो त्याचं निमित्त मात्र चहा नाही. काल संध्याकाळी कामावरून परतताना बसमध्ये तू मला सांगितलंस, की रविवारी यज्ञेश्वररावांना नकार कळवणार आहेस. बस रिकाम्या सहापदरी रस्त्यावरून चालली होती, नव्या राजधानीतला प्रत्येक सिग्नल समोर कुणी नसताना नव्वद सेकंद मोजत होता, आणि आपला ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी इमानदारीत थांबत होता. त्यामुळे तुला सगळं सविस्तर सांगायला वेळ मिळाला आणि मला गप्प बसायला. उतरताना तू म्हणालीससुद्धा, "काहून गा, आज टोमणा नाही मारला?" टोमणा होता, मंदे. तो मलाच लागत होता. आज शुक्रवार. पोस्टाच्या भरवशावर टाकलं तर हे पत्र तुझ्या निवृत्तीपर्यंत पोचेल, म्हणून उद्या सकाळी मी स्वतः बूढापाऱ्यात येऊन तुझ्या फाटकाच्या पेटीत टाकणार आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येमध्ये 'हव, हव' म्हणत राहतेस, आणि मला उगाच माफ केल्यासारखं वाटतं.

यज्ञेश्वररावांना मी पाहिलेलं नाही. तू सांगितलंस तेवढंच माहीत. रेल्वेतून निवृत्त, बायको जाऊन सहा वर्षं झाली, इथल्या मराठी मंडळाच्या वधू-वर रजिस्टरात पन्नाशीपुढच्यांसाठी जी मागची पानं राखून ठेवली आहेत तिथून तुझा पत्ता मिळाला. स्कूटरवर एकटेच आले, सोबत मामा नाही की मेहुणा नाही. पोहे खाल्ले, आणखी मागून घेतले. मग म्हणाले, डाव्या कानाने कमी ऐकू येतं तेव्हा तुम्ही उजवीकडे बसा. म्हणाले, मी घोरतो. सकाळी साडेपाचला रेडिओ लावतो. मुलगी पुण्याला, तिला विचारूनच आलो. वर तुला विचारलं, "माझ्यातलं काय खटकलं ते आत्ताच सांगा, सुधारण्यासारखं असलं तर बघतो." आणि जाताना, "हो-नाही जे असेल ते रविवारी सांगा. नाही असलं तरी मी येईन, चहा घेईन." हे सगळं सांगताना तू वैतागली होतीस. "लय बोलते गा तो! पहिल्याच भेटीत घोरण्यापर्यंत गेला. माणसानं थोडंसं झाकून ठेवाव का नाही?"

आणि दुसऱ्या बाजूला तो शिशिर. वय चोपन्न, भिलाई. फोटोत पाठमोरा, कुठल्यातरी धरणाच्या काठावर. तुझ्या फोनमधल्या त्या लग्न जुळवणाऱ्या ॲपवर अकरा महिन्यांपूर्वी त्याने तुला तीन निरोप लिहिले: एक 'नमस्कार', एक 'आपला परिचय आवडला', आणि एक 'रायपुरात कुठे?' तू 'बूढापारा' म्हणून कळवलंस, आणि पुढे काही नाही. पण तू पोळ्या आटोपून रोज साडेआठला फोन घेऊन बसलीस की दोनेक मिनिटांत त्याच्या नावाशेजारी हिरवा दिवा लागतो. बसमध्ये तू तो दिवा मला असा सांगितलास, जसं कुणी तुळशीपुढचं निरांजन सांगावं. "अकरा महिने झाले, एक दिवस खाडा नाही. मी दिसली का येतेच. बोलाचं धाडस होत नसन त्याचं. त्याले सोडून ह्या घोरणाऱ्याले हो म्हणू का?" आणि मग खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "काही माणसं बोलत नाहीत, निरंजन. पण रोज येतात."

तुझ्या एवढ्या बोलण्यात ते एकच वाक्य पुस्तकी मराठीत होतं. ते तुला कुठून मिळालं, माहीत आहे? माझ्याकडून. मागच्या श्रावणात एका मंगळवारी दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, मी ते लिहिलं. ते तुझ्या पडद्यावर इतक्यांदा उमटलं की आता तुला ते स्वतःचं वाटतं. तुझ्या तोंडून ते ऐकताना मला काय झालं सांगू? आपण उष्टं टाकलेलं अन्न कुणी देवाचा प्रसाद म्हणून डोळ्यांना लावताना दिसावं, तसं.

तर मंदे, तू मला दीड वर्ष विचारत आलीस की 'कंपनीत लिखाणाचं काम' म्हणजे नक्की काय, आणि मी दीड वर्ष विनोद करून वेळ मारून नेली. वर्तमानपत्राने पानं कमी केली, माझं रविवारचं सदर गेलं, आणि तीस वर्षं ज्यांची टर उडवली त्यांच्याच दारात मी अर्ज घेऊन उभा राहिलो. ती कंपनी तुझ्या फोनमध्ये आहे. तुला जे जे शब्द तिथे मराठीत दिसतात, ते बव्हंशी माझे. 'कुणीतरी तुमच्यासाठी थांबलंय' हे माझं. 'आज तुमची आठवण निघाली' हेही माझं. कुणाकडे निघाली? कुणाकडेच नाही. दोन दिवस तू ॲप उघडलं नाहीस की ते आपोआप जातं. ऑफिसात याला 'नज' म्हणतात. आपल्याकडे कोपरखळी म्हणतात, पण कोपरखळी मारणारा निदान शेजारी बसलेला असतो. ते रोज येणाऱ्या माणसांचं वाक्य वाचून अभिनव खुर्चीतून उठला होता. "सर, ये तो रुला देगी! इसको साढ़े आठ वाले में डालते हैं." म्हणजे रोज रात्री साडेआठला सगळ्यांना जाणाऱ्या निरोपात. मी खूश झालो. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या वाक्यावर उठून उभं राहिलं होतं. लेखक नावाचा प्राणी किती स्वस्तात विकला जातो याचा हा पुरावा जपून ठेव.

आता दिवा. काल घरी न जाता मी परत ऑफिसात फोन लावला आणि अभिनवला विचारलं, की तो हिरवा दिवा माणूस आला की लागतो ना? तो हसला. "सर, वो प्रेजेंस नहीं है, वो वॉर्म्थ है." ऊब! म्हणजे असं, की ज्याच्याशी तुझं कधीकाळी एकदा बोलणं झालं आहे, त्याचा दिवा तू ॲप उघडलंस की लागतो. तू. तो नाही. दोन मिनिटांनी लागतो, कारण लगेच लागला तर माणसाला शंका येते. हे दोन मिनिटांचं ठरवायला दोन बैठका झाल्या होत्या, हे अभिनवने आठवण करून दिल्यावर मलाही आठवलं. मी दोन्ही बैठकांना हजर होतो. तिथे समोसे होते. दिवा खरा आहे की खोटा हे मी विचारलं नाही, चटणी आणखी आहे का हे विचारलं.

शिशिर साडेआठला येत नाही, मंदे. साडेआठला तू येतेस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही. उद्या शनिवार आहे. सकाळी अकराला उघडून बघ, तो अकरा वाजून दोन मिनिटांनी येईल. भाजी चिरता चिरता उघड, तो येईल. सात वेळा उघड, सात वेळा येईल. असा मोकळा माणूस भिलाईत तरी कोण असणार? आज मी त्याची नोंद काढून पाहिली. तसं पाहण्याचा मला अधिकार नाही, पण ज्यांनी बाहेरच्यांसाठी इतकी कुलपं केली ते आतलं कपाट लावायला विसरले आहेत. त्याने ते ॲप शेवटचं उघडलं ती 'रायपुरात कुठे?' विचारलं तीच संध्याकाळ. तुझा 'बूढापारा' त्याने वाचलेलासुद्धा नाही. त्याचं लग्न झालं, फोन हरवला की तो राहिलाच नाही, मला ठाऊक नाही. त्या माणसाची काही चूक नसावी. त्याच्या नावाचा दिवा त्याच्यामागे कुणीतरी लावत बसलं आहे, हे त्यालाही माहीत नसेल.

अजून एक आहे. ते पुसट चेहरे. 'यांनी तुम्हाला पसंत केलं आहे' असं येतं आणि खाली धुक्यातला फोटो. चेहरा पाहायचा तर पाकळ्या खर्चायच्या, आणि पाकळ्या विकत घ्यायच्या. लोक कुतूहलाने उघडतात. अभिनवचा सगळा हिशोब कुतूहलावर बांधलेला आहे. त्यात तू आलीस. सोमवारच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर एक ओळ दिसली: महिला, बावन्न, रायपूर, एकेचाळीस चेहरे उघडले. आणि त्या एकेचाळीस जणांना एकच निरोप: 'आपलं स्थळ कळलं. पत्रिका जमत नाही, कृपया राग मानू नये. घरी सर्वांना नमस्कार.' सगळी खोली हसली. "सर, ये आंटी पैसे देकर रिजेक्ट कर रही है! ना कहने के लिए पर्दा खोलती है!" त्यांना कसं कळावं? आपल्या घरांत स्थळ आलं की उत्तर द्यावंच लागतं. मुलगी नको असली तरी चार दिवसांत पत्रिकेचं निमित्त सांगून कळवायचं, समोरच्याला टांगून ठेवायचं नाही, हे जिला आईने शिकवलं ती धुक्यातल्या माणसालाही टांगून ठेवू शकत नव्हती. आमच्या रचनेत सगळ्यांच्या लोभाला जागा केली होती, मंदे. कुणाच्या रीतीला केली नव्हती. तीही लुटता येते हे आम्हाला तुझ्यामुळे कळलं. नाव पडद्यावर नव्हतं, पण 'घरी सर्वांना नमस्कार' वाचताच मी ओळखलं, तूच. आणि ओळखल्यावरही, बाकीचे हसत होते म्हणून, मी हसलो.

त्या एकेचाळिसांतल्या बहुतेकांनी तुला पसंत वगैरे केलेलंच नव्हतं. नाव नोंदवताना अगदी तळाशी एक चौकोन असतो, 'माझ्या वतीने पसंती कळवावी'. त्यात खूण आधीच केलेली असते, आणि ती काढायला तिथवर कुणी जात नाही. मग ॲपच त्यांच्या नावाने तुला पसंत करतं. म्हणून तो राजनांदगावचा गृहस्थ तुझ्यावर उखडला. "बाई, मी तुम्हाला विचारलंच कधी?" असं त्याने लिहिलं, आणि तू आठवडाभर शरमेने कुणाशी बोलली नाहीस. मला म्हणालीस, "माझंच काही चुकलं असन." तुझं काहीही चुकलं नव्हतं. त्याचंही नव्हतं. तुम्हा दोघांच्या मध्ये आम्ही बसलो होतो, दोघांचे आवाज काढत.

दिवाळीत तू ते काढून टाकायला निघाली होतीस, तेही मला माहीत आहे. निघायचं दार पाच पानांमागे आहे. पाचव्या पानावर धरणाकाठचा पाठमोरा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं: 'शिशिर यांना न सांगताच जाणार?' तू परत फिरलीस. अर्थात फिरलीस. न सांगता जाणारी तू नव्हेसच. ते वाक्य कुणाचं, हे आता विचारू नकोस. वरच्या कोपऱ्यात जी ढाल दिसते, 'तुमचा विश्वास, आमची जबाबदारी', तीही माझीच. ती कुणालाही मिळते. परवा एकाने चेहऱ्याऐवजी आपल्या म्हशीचा फोटो टाकला, त्याच्या नावापुढेही ढाल लागली आहे.

राजीनामा दिलाय असं इथे लिहिलं असतं तर मी बरा दिसलो असतो. दिलेला नाही. दोनदा लिहिला, दोन्ही वेळा त्यात विनोद चांगले जमले आणि तो पाठवायच्या ऐवजी मी मोठ्याने वाचून दाखवत बसलो. राधिकाने ऐकून एवढंच म्हटलं, "छान जमलाय. म्हणजे जाणार नाहीस." बायकोला सत्तावीस वर्षांत नवरा पाठ होतो. आणि यज्ञेश्वररावांना हो म्हण, असंही मी सांगत नाही. तो माणूस तुला आवडत नसेल, रेडिओ नको असेल, तर रविवारी खुशाल नाही म्हण. तो चहा घेईल आणि जाईल. पण त्याला त्याच्या घोरण्यामुळे नाही म्हण. माझ्या वाक्यामुळे म्हणू नकोस.

एवढ्यावर थांबणार होतो. पण परवा बसमध्ये तू असाच एक नकार लिहीत होतीस आणि मी तुला हसत विचारलं की अनोळखी माणसांना कशाला गं इतकी उत्तरं, तेव्हा तू म्हणालीस, "उत्तर नाही आलं का माणूस कसा राहते, मले ठाऊक आहे." आणि लगेच पर्समध्ये तिकीट शोधायला लागलीस. ते माझ्यावर नेम धरून म्हटलं नव्हतंस. म्हणूनच लागलं. सत्त्याण्णव साली, रायपूर अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हा, तुझे वडील तुझी पत्रिका घेऊन आमच्याकडे आले होते. बाबांनी, श्यामरावांनी, ती जोशीबुवांना दाखवली. एकोणतीस गुण जुळले. बाबा खूश होते, तुझ्या वडिलांना म्हणाले, "मुलाला विचारून कळवतो." मुलगा मी. त्याच महिन्यात नागपूरहून राधिकाचं स्थळ आलेलं होतं, तिच्या वडिलांचा छापखाना होता, आणि मला माझं पुस्तक निघालेलं दिसत होतं. मी बाबांना सांगितलं, "देशकरांना नाही म्हणू नका. राहू द्या." म्हणजे नागपूरचं फिसकटलं तर तू हाताशी असावीस. पाच महिने तुझ्या घरी दिवा लावून ठेवला मी, मंदे, कुणी येत नव्हतं तरी. नागपूरचं जमलं. बाबा म्हणाले, आता तरी त्यांना कळव. मी म्हणालो, मीच सांगतो. आणि छापील आमंत्रण पाठवून मोकळा झालो. तू लग्नाला आलीस, पंगतीत वाढलंससुद्धा. पुस्तक निघालं, तीनशे प्रती, त्यातल्या दोनशे ऐंशी अजून माळ्यावर आहेत. उत्तराविना बसून राहायची सवय तुला त्या ॲपने लावली नाही, ती लागलेली होती. म्हणून त्यांचं काम इतकं सोपं झालं. काल हे सगळं राधिकाला सांगितलं. ती म्हणाली, "बसलायस काय असा? लिही तिला." तेव्हा देशकरांच्या मुलीसाठी आमच्या घरून उत्तर, सत्तावीस वर्षं उशिरा, असं: पत्रिका उत्तम जुळली होती. मुलगी घरात सगळ्यांना पसंत होती. नकार मुलाकडून होता, आणि मुलीत काहीही कमी नव्हतं.

तुझाच,
निरंजन